परतीची सही

१

सकाळचा दुसरा चहा झाला की तात्याराव ओव्हाळ शर्टाची वरची गुंडी लावत आणि कॉम्प्युटरसमोर बसत. घरातल्या घरात गुंडी कशाला, असं बायकोनं एकदा विचारलं होतं. कामावर उघड्या गळ्यानं बसत नाहीत, असं उत्तर मिळालं. पुन्हा तिनं विचारलं नाही.

वय एकाहत्तर. शाळा सातवीपर्यंत. उमेदीची वर्षं छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. खिळे जाऊन कॉम्प्युटर आले तेव्हा बरोबरीचे कंपोझिटर घरी बसले. तात्याराव पंचेचाळिशीत कीबोर्ड शिकले. निवृत्तीनंतर येरवड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एक जुनं मशीन आलं, त्यावर लिनक्स ही मशीन चालवणारी प्रणाली. हे लिनक्स कुण्या कंपनीचं नव्हे. जगभरची माणसं आपापल्या घरी बसून, पगाराशिवाय, त्याचा एकेक तुकडा सांभाळतात. त्या तुकड्याला पॅकेज म्हणतात. ज्या पॅकेजचा सांभाळणारा सोडून जातो ते 'अनाथ' होतं, आणि ज्याला दया येईल त्यानं ते 'दत्तक' घ्यायचं.

मराठी शब्दांची यादी अशीच अनाथ पडली होती. त्या यादीवरूनच मशीन चुकलेल्या शब्दाखाली लाल रेघ मारतं. एके दिवशी त्यानं 'दळणवळण'खाली रेघ मारली. तात्यारावांना तो स्वतःचा अपमान वाटला. त्यांनी यादी दत्तक घेतली. त्याला आता सहा वर्षं झाली. आलेल्या तक्रारी वाचायच्या, शब्द तपासायचे, घालायचे, काढायचे, पॅकेज बांधायचं. फक्त पुढं पाठवायचं नाही. ते काम आतल्या माणसाचं, आणि तात्याराव अजून बाहेरचे होते.

बाहेरच्या माणसाला आतला एक स्पॉन्सर लागतो. तो पॅकेज तपासतो, आणि स्वतःच्या नावावर ते पुढं घालतो. तात्याराव त्याला जामीन म्हणत. त्यांची जामीन होती तनुजा, धायरीची, आयटी कंपनीत नोकरीला. बाई कामाला कडक. एकदा तिनं आख्खं पॅकेज परत पाठवलं, का तर एका ओळीच्या शेवटी एक जागा उगीच मोकळी होती. जागा. कंपोझिटरच्या कामात. तात्याराव त्या दिवशी जेवले नाहीत.

"येरवड्यात राहून जामीन लागायचाच," बायको, ललिताबाई, म्हणाल्या होत्या. "त्यात एवढं काय. बिनपगारी फुल अधिकारी."

तात्यारावांना एकच हवं होतं. आतल्यांच्या यादीत आपलं नाव. सातवी पास माणसाचं नाव, इंजिनिअरांच्या ओळीत, त्याच मापाच्या अक्षरांत. मग जामीन नको, विचारणं नको. अर्ज दिला होता, परीक्षा झाली होती, परीक्षकांनी वाखाणलंही होतं. अडलं होतं एका सहीवर.

तिकडे माणसाची ओळख म्हणजे त्याची चावी. ती मशीनमध्येच असते, आणि तिला चाळीस अक्षरांचा एक ठसा असतो. एकमेकांच्या चावीवर लोक सह्या करतात. सहीचा अर्थ एकच: या माणसाला मी प्रत्यक्ष भेटलो, चेहरा पाहिला, ओळखपत्र पाहिलं, ठसा जुळवला. हजारो माणसांचं ते गाव या एका शब्दावर उभं आहे. आत यायला आतल्या दोघांच्या सह्या लागतात. एक तनुजाची होती. दुसरा आतला माणूस पुण्यात नव्हता, आणि तात्यारावांच्या गुडघ्यांना प्रवास सोसत नव्हता. अडीच वर्षं ते दुसऱ्या सहीची वाट पाहत होते. रोज सकाळी चावी उघडून आतल्यांच्या सह्या मोजत. रोज एक.

त्या शुक्रवारी दोन होत्या.

२

त्यांनी चष्मा पुसला. पुन्हा मोजल्या. दोन.

दुसऱ्या सहीपुढं नाव होतं: सोनबा. आडनाव नाही. सोबत एक पत्र आलं होतं, तीन ओळींचं.

'तुमच्या चावीवर सही केली आहे . भेटून फार आनंद झाला . परतीची सही पाठवावी .'

पूर्णविरामाआधी मोकळी जागा, तीनही वेळा. छापखान्यात असं प्रूफ कुणी आणलं असतं तर तात्यारावांनी ते त्याच्यासमोर उभं फाडलं असतं. पण आज त्यांनी ते माफ केलं. त्यांनी खुर्ची मागं सारली, खोलीत दोन फेऱ्या घातल्या, आणि गुडघा दुखतो आहे हे तिसऱ्या फेरीला त्यांच्या ध्यानात आलं.

मग विचार आला. हा सोनबा कधी भेटला?

धायरीत तनुजाच्या घरी एकदा बैठक झाली होती. सात-आठ जण होते, बहुतेक बाहेरचेच. चिठ्ठ्यांवर ठसे लिहून आणले होते, आधार कार्डं फिरली होती, नंतर मिसळ झाली होती. तो तिथं असेल. कोपऱ्यात बसला असेल. सही करायला विसरला असेल, आज आठवण झाली असेल. लोक आळशी असतात.

त्यांनी तनुजाला फोन लावला. तिनं तिथल्या तिथं आतल्यांची यादी उघडून पाहिली. सोनबा होता. जुना सभासद, पहिल्या काही वर्षांतला. तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं, म्हणजे धायरीच्या बैठकीतही तो नव्हता. पण निम्म्या लोकांना तिनं कधी पाहिलं नव्हतं. आवाजात तिलाही उत्साह आला होता. आजच परीक्षकांना कळवते म्हणाली, पुढच्या आठवड्यात काम होऊन जाईल. मग थांबली.

"काका, एक विचारते, राग मानू नका. भेटलात ना यांना? स्वतः?"

तात्यारावांच्या पुढं दोन वाटा होत्या. आठवत नाही, असं म्हणायचं. म्हणजे म्हातारा विसरायला लागला, असं तिनं मनात लिहून ठेवायचं. आणि विसरणाऱ्याच्या हाती एकसष्ट हजार शब्द कोण ठेवतो?

"भेटलो," ते म्हणाले.

"चेहरा पाहिलात?"

"पाहिला म्हणजे? मी काय आंधळा आहे?"

ती हसली. अभिनंदन म्हणाली. फोन ठेवला तेव्हा तात्यारावांचा कान लाल झाला होता.

स्वयंपाकघरात ललिताबाई शेजारणीची वाटी परत द्यायला निघाल्या होत्या. काल त्या वाटीतून आमटी आली होती. आज तीत त्यांनी मूठभर शेंगदाणे घातले. वाटी रिकामी परत करायची नसते. तात्यारावांनी ते पाहिलं आणि वळून मशीनसमोर बसले. माणसानं एवढी सही दिली, तर आपली परत नको जायला?

मशीन अशा वेळी एक प्रश्न विचारतं. या माणसाची खात्री तुम्ही किती काळजीपूर्वक केली आहे? शून्य: सांगत नाही. एक: केलेली नाही. दोन: वरवर केली. तीन: पूर्ण काळजीपूर्वक केली.

त्यांनी तीन दाबलं.

आजवर कुणाच्या हजेरीपटावर, कुणाच्या जामिनावर, कुणाच्या मयताच्या पंचनाम्यावर तात्यारावांची खोटी सही नव्हती. वस्तीत ते प्रसिद्ध होतं. ही पहिली. कळ दाबताना बोटाला काही लागलं नाही. नेहमीसारखीच कळ होती.

३

चूक संध्याकाळी दिसली. सकाळी दिसायला हवी होती. आनंदानं डोळा आंधळा केला होता.

सोनबाच्या सहीपुढं तारीख होती. येत्या गुरुवारची. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. खाली मशीननं बारीक अक्षरांत इशारा दिला होता: ही सही पुढच्या काळातली आहे, घड्याळ तपासा.

तात्याराव हसले. मशीनच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. तो संपला की जुनी मशीनं तारखा विसरतात. साधी गोष्ट. शनिवारी सकाळी ते बस पकडून तपकीर गल्लीत गेले, दुकानदाराशी सेलवरून वाद घातला, नवा घेऊन आले, मशीन उघडून बसवला. घड्याळ लावलं. मोबाइलशी ताडून पाहिलं, टीव्हीच्या बातम्यांशी ताडून पाहिलं. सेकंदाला सेकंद जुळला.

सही तिथंच होती. गुरुवार, अकरा दहा.

मग त्याचं घड्याळ चुकलं असेल, त्या सोनबाचं. पूर्णविराम चुकवणारा माणूस, त्याचं घड्याळ काय बरोबर असणार? असं म्हणून ते बंद करणार, तेवढ्यात त्यांनी आपली परतीची सही उघडून पाहिली. ती त्यांनी स्वतः, शुक्रवारी, दुपारच्या जेवणाआधी केली होती. ललिताबाई वाटी द्यायला गेल्या होत्या.

तिच्यापुढंही गुरुवार होता. अकरा दहा.

पंखा फिरत होता. मशीनच्या आतला छोटा पंखाही फिरत होता, बारीक घरघर करत. तात्याराव बराच वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिले. एकाखाली एक, एकाच मापाच्या, नीट जुळलेल्या. कंपोझिटरच्या डोळ्याला त्या सुंदर दिसल्या, आणि तेच त्यांना आवडलं नाही.

४

रविवारी ललिताबाई विहारात गेल्या. तात्याराव जेवून पलंगावर आडवे झाले. झोप लागली नाही. छताकडे पाहत पडून राहिले. तोंडातून शब्द निघाला नाही. बोलायला कुणी नव्हतंच.

चारला ललिताबाई आल्या. चपला काढता काढता त्यांनी विचारलं, पाहुणे गेले का?

कोण पाहुणे, असं तात्यारावांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, जिन्यात उभी राहून मी दम खात होते तेवढा वेळ तुमचं बोलणं चाललं होतं. मला वाटलं, कुणी आलंय, चहाचं बघावं लागणार.

"मी नुसता पडलो होतो."

"झोपेत काय मग? चांगली पाच मिनिटं ऐकलं मी."

"दुसरा आवाज होता?"

ललिताबाईंनी थोडा विचार केला. "नाही. तुमचाच. एकच आवाज." त्या आत गेल्या, आणि आतूनच म्हणाल्या, "पण उत्तरं देत होता तुम्ही. कुणी विचारल्यासारखी. नाव, वय, लग्न कधी झालं, मला काय म्हणून हाक मारता. मी म्हटलं, जनगणनेवाला आलाय की काय."

तात्याराव पलंगावरून उठले. कॉम्प्युटरची खुर्ची भिंतीकडे तोंड करून असते. ती आता पलंगाकडे तोंड करून होती. त्यांनी बैठकीवर हात ठेवला. थंड होती. थंड होती हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं, आणि आपण हात का ठेवला हे कळल्यावर वाटलं नाही.

खुर्ची त्यांनीच फिरवली असणार. उठताना धक्का लागतो. शेजारच्या घरात रेडिओ लागला असेल, जिन्यात आवाज घुमतो. प्रत्येक गोष्टीला कारण होतं. कारणं त्यांनी एकामागून एक मांडली. ओळ नीट बसली. तरी त्यांनी खुर्ची जागेवर लावली, आणि रात्री झोपताना तिच्यावर कपड्यांची टोपली ठेवली.

५

सोमवारी त्यांनी सोनबाची चावी उघडली. आजवर तिच्यावर कुणाकुणाच्या सह्या झाल्या ते पाहायचं होतं. कुणीतरी याला भेटलेलं असेल. त्याला विचारू.

त्यांची स्वतःची सोडून सहा सह्या होत्या. सहा वेगवेगळी गावं, दोन-तीन परदेशातली. एकेक नाव त्यांनी शोधलं. सहाही जण सही केल्यानंतर थोड्याच महिन्यांत काम सोडून गेले होते. सहाव्याचं नाव होतं केदार. तात्यारावांनी ते ओळखलं. शब्दयादी त्यांच्याआधी याच केदारकडे होती. सात वर्षांपूर्वी त्यानं ती अनाथ सोडली होती.

प्रकल्पातली सगळी पत्रं उघड असतात, कुणीही वाचावीत. तात्यारावांनी केदारची जुनी पत्रं काढली. पोरगा हुशार होता. तळमळीनं लिहायचा, र्‍हस्व-दीर्घावरून भांडायचा. एकच खोड. पूर्णविरामाआधी तो एक जागा मोकळी सोडायचा. प्रत्येक वाक्यात, न चुकता.

मग केदारनं सोनबाच्या चावीवर केलेल्या सहीची तारीख आली, आणि त्या दिवसानंतरच्या एकाही पत्रात ती जागा नव्हती. पत्रं सभ्य होती. छोटी होती. भांडण नव्हतं. तीन महिन्यांनी शेवटचं पत्र: यापुढे वेळ देता येणार नाही.

छापखान्यात अक्षर नसतं, खिळे सगळ्यांचे सारखे. तरी ओळ पाहून कंपोझिटर सांगतो की ही कुणाच्या हातची. जागा कुठं सोडली, कुठं कोंबली, यावरून हात कळतो. तात्यारावांनी ती दोन पत्रं शेजारी ठेवली, तारखेच्या आधीचं आणि नंतरचं. नाव एक होतं. हात दुसरा होता.

मग त्यांनी शुक्रवारी आलेलं सोनबाचं पत्र उघडलं. भेटून फार आनंद झाला, मोकळी जागा, पूर्णविराम.

केदारचा हात केदारच्या पत्रांतून गेला होता, आणि सोनबाच्या पत्रात होता.

त्यांनी मशीन बंद केलं. नुसतं बंद केलं नाही, वायर काढली.

६

मंगळवारी तनुजाचाच फोन आला. बातमी सांगायची घाई तिच्या आवाजात मावत नव्हती. परीक्षकांची मंजुरी झाली. गुरुवारी दुपारी खातं उघडणार, नाव यादीत चढणार. ती स्वतः संध्याकाळी पेढे घेऊन येणार होती, नाही म्हणायचं नाही. तात्यारावांचे डोळे भरून आले. त्यांनी ते शर्टाच्या बाहीला पुसले आणि केदारबद्दल विचारलं.

केदार मजेत होता. बंगळुरात असतो, मोठ्या पगारावर. मागच्या वर्षी एका लग्नात भेटला होता. "एक गंमत झाली पण," तनुजा म्हणाली. "मला ओळखलंच नाही त्यानं. आम्ही चार वर्षं एकत्र काम केलंय, काका. मी नाव सांगितलं तेव्हा म्हणाला, हो हो, आठवलं. पण अगदी नम्रपणे. आठवलं नसताना माणूस म्हणतो ना, तसं."

तात्यारावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"काका, काही सांगायचं होतं का?"

होतं. मी त्याला भेटलेलो नाही, एवढं एकच वाक्य. चार शब्द. ते बोलले असते तर सही रद्द झाली असती, मंजुरी रद्द झाली असती, आणि तनुजानं खरं मानून पुढं पाठवलेला त्यांचा शब्द तिच्या तोंडावर परत आला असता. पुन्हा त्या गावात त्यांना कुणी विचारलं नसतं. तात्याराव पेढे चितळ्यांचेच आणा म्हणाले.

बुधवारी त्यांनी वायर पुन्हा लावली. परतीची सही मागं घेण्याचीही सोय असते. त्यांनी ती उघडली. मशीननं कारण विचारलं. रिकाम्या चौकटीत रेघ लुकलुकत राहिली. तात्यारावांनी लिहिलं, 'मी खोटं'. पुढचा शब्द लिहिता आला नाही. अर्धा तास तिथं बसून त्यांनी ते दोन शब्द खोडले.

आणि मग, एकदम, त्यांना वाट दिसली. इतकी सोपी की ते मांडीवर थाप मारून उठले.

सहीवर गुरुवारची तारीख आहे. गुरुवार अजून उजाडायचा आहे. म्हणजे ही सही खोटी नाही, अजून नाही. अकरा दहाला तो माणूस दारात उभा राहिला, आणि आपण त्याचा चेहरा पाहिला, ओळखपत्र पाहिलं, ठसा जुळवला, तर सही खरी. शंभर नंबरी खरी. आणि यादीत नाव चढणार दुपारी. त्याच्या आधी.

भीती होती. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं होतं. लग्नाच्या आदल्या रात्री असंच झालं होतं. त्यांनी पांढरा शर्ट काढून इस्त्री केली. एका चिठ्ठीवर स्वतःचा ठसा सुवाच्य अक्षरांत उतरवला, चार-चार अक्षरांचे दहा गट. आधार कार्ड पुसून खिशात ठेवलं.

ललिताबाईंनी इस्त्रीकडे पाहिलं. "मुलगी बघायला चाललात की काय?"

"उद्या अकरा दहाला एक गृहस्थ येणार आहेत," तात्याराव म्हणाले. ते तोंडानं म्हटल्यावर ते अगदी साधं वाटलं.

७

गुरुवारी पावणेअकरालाच त्यांनी लाकडी दार उघडलं आणि बाहेरचं जाळीचं दार कडी लावून बंद ठेवलं. स्वयंपाकघरातलं स्टूल दारासमोर ओढून बसले. ऊन लख्ख होतं. जिन्याच्या खिडकीतून ते पायरीवर पडलं होतं, पुढं जाळीवर आलं होतं. आत ललिताबाई भाकऱ्या थापत होत्या. थाप, थाप, आणि मध्ये तव्यावर पाण्याचा चर्र आवाज.

अकरा वाजून सात मिनिटांनी जिन्यात पावलं वाजली.

तात्यारावांनी ती मोजली. सहा पायऱ्या, थांबणं. सहा पायऱ्या, थांबणं. गुडघा धरून चढणाऱ्या माणसाची चाल. ते स्वतः असेच चढतात. त्यांचं काळीज इतकं उडत होतं की पावलं कुठली आणि ते कुठलं, हे मधूनच कळेनासं होई. ते उठून जाळीपाशी गेले.

माणूस आला आणि उभा राहिला. खिडकी त्याच्या पाठीशी होती, म्हणून चेहरा काळा दिसत होता. त्यानं बेल वाजवली नाही. हात वर केला. हातात चिठ्ठी होती, तिच्यामागं कार्ड. जाळीच्या फटीतून त्यानं ती आत सरकवली. रीत त्याला माहीत होती.

तात्यारावांनी ठसा वाचला. चार-चार अक्षरांचे दहा गट. त्यांना तो पाठ झाला होता. जुळला. कार्ड पाहिलं. सोनबा. फोटो धुरकट. आता चेहरा.

त्यांनी जाळीला डोळा लावला आणि पाहिलं.

जुना खिळा असतो तसा तो चेहरा होता. फार वेळा वापरलेला. नाक होतं, ओठ होते, पण कडा झिजून गेल्या होत्या. छापला तर कुणाचाही उमटला असता. डोळे मात्र नवे होते. ओले होते, आणि आनंदानं चमकत होते. तो माणूस थरथरत होता. सात वर्षांनी घरी निघालेल्या माणसासारखा.

"पाहिलं," तात्याराव म्हणाले. सही खरी झाली होती.

मग त्यांनी आपली चिठ्ठी आणि आधार कार्ड फटीतून पुढं केलं. तेही रीतीचंच. त्या माणसानं ठसा वाचला, मान हलवली. कार्डावरचा फोटो पाहिला. तात्यारावांकडे पाहिलं. पुन्हा फोटो, पुन्हा तात्याराव. भाकरीची थाप थांबली होती. त्यानं फार काळजीपूर्वक पाहिलं, तीन नंबरासारखं. मग चिठ्ठी तेवढी परत दिली, आणि कार्ड खिशात घातलं.

"यात तुम्ही नाही," तो म्हणाला.

तो आवाज रविवारी ललिताबाईंनी जिन्यात उभं राहून ऐकला होता.

तात्याराव रागावून कडीकडे हात नेऊ लागले. कडी हाताला लागली नाही. कडी जाळीच्या पलीकडे होती. त्यांच्या पाठीला ऊन लागत होतं. पायाखाली खरखरीत फरशी होती, जिन्यातली. जाळीतून आतली खोली थंड आणि अंधारी दिसत होती. कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. कुणीतरी खुर्ची मागं सारली आणि तिच्यात बसलं. ती रोजच्यासारखी कुरकुरली.

पदराला हात पुसत ललिताबाई जाळीपाशी आल्या. हाताला पीठ होतं. त्यांनी उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"कोण हवंय आपल्याला?"

आपल्याला. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात या बाईनं त्यांना कधी 'आपण' म्हटलं नव्हतं. तात्यारावांना पुष्कळ सांगायचं होतं. त्यांनी चिठ्ठी पुढं केली. चाळीस अक्षरं बरोबर होती. ललिताबाईंनी ती पाहिली, आणि परत दिली.

"त्यांचं ते कॉम्प्युटरचं का? आहेत ते. नाव काय सांगू?"

तात्यारावांनी तोंड उघडलं. खोटं नाव सांगण्यातले ते नव्हते. जिभेवर एकच नाव होतं, आणि तेच खरं होतं, हे त्यांना ते उच्चारताना कळलं.

ललिताबाईंनी मान डोलवली आणि आत वळून हाक मारली.

"अहो, ते सोनबा आलेत."